मारिओचे फटाके नशिबावर नसतात

नौपाड्यातल्या आमच्या चाळीत टीव्हीला मारिओचा व्हिडिओ गेम जोडला की कुणीतरी सांगायचंच, ‘लेव्हलच्या शेवटी असलेल्या झेंड्याच्या खांबाच्या टोकाला उडी मारली तरच फटाके फुटतात.’ हे आजही फिरतं. असं वाटणं साहजिकच आहे, कारण उंच उडीला जास्त गुण मिळतात हे खरंच आहे.

पण १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये फटाके ठरतात ते पडद्यावर उलट मोजल्या जाणाऱ्या उरलेल्या वेळेच्या आकड्यावर. खांबाला हात लागला त्या क्षणी शेवटचा अंक १, ३ किंवा ६ असेल, तर तेवढेच फटाके फुटतात. प्रत्येकाचे ५०० गुण. बाकी कुठल्याही अंकाला एकही नाही.

हिशोब बघा. खांबापाशी पोचलात, वेळ ३०९. तीन आकडे थांबलात तर उरलेल्या वेळेचे प्रत्येकी ५० प्रमाणे १५० गुण जातात, पण ३०६ ला सहा फटाक्यांचे ३००० मिळतात. थांबणं फायद्याचंच!

पडताळायचं तर पहिल्याच लेव्हलला खांब मुद्दाम तळाशी धरा, पण शेवटचा अंक ६ असताना. मग टोकाला धरा, अंक ५ असताना. झेंड्याचे गुण भरपूर मिळतील, पण आकाश रिकामंच राहील.