सालीचा रंग, यीस्टची भूक

काळं द्राक्ष सोलून बघा. आतला गर फिकट हिरवट निघतो आणि बोटांना जांभळेपणा लागतो तो सालीचा. लाल वाईनचा जवळजवळ सगळा रंग तिथूनच येतो. त्यामुळे रस सालींच्या संगतीत किती वेळ ठेवायचा, हा वाईन करणाऱ्याचा सगळ्यात मोठा निर्णय असतो.

लाल वाईनसाठी द्राक्षं चुरडून साली-बियांसकट टाकीत जातात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की 1 टक्का अल्कोहोल होतं. वर येणारा वायू साली उचलतो आणि टाकीच्या तोंडाशी चोथ्याचा जाड थर साचतो. तो कोरडा पडला तर आंबून व्हिनेगरचा वास धरतो, म्हणून दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो. रंग पहिल्या काही दिवसांतच रसात उतरतो. बियांतला तुरट टॅनिन मात्र अल्कोहोल वाढल्यावर सुटू लागतो. काही तासांतच रस सालींपासून वेगळा केला, तर होते गुलाबी रोझे.

पांढऱ्या वाईनचा क्रम उलटा. आधी दाबून रस काढायचा, मग तो 12 ते 18 अंश सेल्सिअसच्या गारव्यात सावकाश आंबवायचा, म्हणजे नाजूक सुगंध उडून जात नाहीत. साली आधीच बाजूला होतात, म्हणूनच काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाईन होऊ शकते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात पिनो न्वार हे काळं द्राक्ष असंच वापरतात. याउलट जॉर्जियात पांढरी द्राक्षं सालींसकट जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत आंबवतात. त्यांना 'क्वेव्री' म्हणतात, आणि त्यातली वाईन मधासारख्या रंगाची निघते.

शॅम्पेनचे बुडबुडे मला सगळ्यात विलक्षण वाटतात. तयार वाईनमध्ये लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून बाटली घट्ट बंद करतात. ती दुसऱ्यांदा आंबते, वायूला वाट मिळत नाही आणि आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 6 पट होतो. मेलेल्या यीस्टचा गाळ काढण्यासाठी बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात. गाळ मानेत उतरला की मान गोठवायची आणि झाकण काढायचं. गाळाचा बर्फाळ गोळा आतल्या दाबानेच बाहेर उडतो!

गोडवा हवा असेल तर यीस्टला साखर संपवू द्यायची नाही. पोर्तुगालच्या 'पोर्ट' या गोड वाईनमध्ये अर्धी साखर शिल्लक असतानाच 77 टक्के तीव्रतेचं द्राक्षांचं मद्य ओततात आणि यीस्ट मरतं.

स्पेनच्या हेरेसमधली शेरी ही वाईन तर यीस्टने साखर संपवल्यावर खरी घडते. वाईनची तीव्रता 15 टक्क्यांवर आणून पिंप थोडं रिकामं ठेवलं, की पृष्ठभागावर यीस्टची साय धरते. ही साय अल्कोहोलवर जगते आणि वाईनला हवेपासून झाकून ठेवते. खाली फिकट, कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) शेरी मुरते. ती फिनो. तीव्रता 17 टक्क्यांवर नेली तर साय टिकत नाही. मग उघडी पडलेली वाईन हवेशी संयोग पावत वर्षानुवर्षं गडद होत जाते आणि तिला अक्रोडासारखा वास येतो. ती ओलोरोसो.