यादीतला दहावा क्रमांक : अमेरिकेच्या मेडिकेडमधील दंतोपचारांची पार्श्वभूमी

अमेरिकेत मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र आणि राज्ये मिळून खर्च करतात त्या आरोग्ययोजनेच्या, दंतोपचारांचा विषय चर्चेत येतो तो बहुतेक वेळा राज्यांच्या अर्थसंकल्पाच्या दिवसांत. एखाद्या राज्यात प्रौढांचे दंतोपचार योजनेतून वगळले जातात, दुसऱ्या राज्यात पूर्वी वगळलेले पुन्हा सुरू होतात, आणि दोन्ही वेळा कारण म्हणून राज्याच्या तिजोरीकडे बोट दाखवले जाते. ते कारण खोटे नाही. मात्र त्याच टंचाईच्या वर्षी प्रौढांचे रुग्णालयातील उपचार किंवा डॉक्टरांची तपासणी योजनेतून सरसकट काढून टाकण्याचा प्रस्ताव कोणतेही राज्य मांडत नाही, कारण योजनेत राहून तसे करण्याची मुभा कायदाच देत नाही. दातांच्या बाबतीत ही मुभा कोठून आली, हे कळण्यासाठी ही योजना सुरू करणाऱ्या १९६५ च्या कायद्यातील सेवांची यादी जवळून वाचावी लागते.

दंतवैद्यक त्याच्या पुष्कळ आधी वैद्यकापासून वेगळे पडले होते. १८४० मध्ये मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात जगातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि तेव्हापासून दोन्ही व्यवसायांचे शिक्षण, परवाने आणि दवाखाने वेगवेगळ्या वाटांनी वाढले. दातांचा विमा तर फारच उशिरा आला. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या मुलांसाठी आगाऊ वर्गणीवर चालणारी दंतयोजना सुरू झाली, ती या प्रकारच्या सुरुवातीच्या योजनांपैकी एक. म्हणजे ११ वर्षांनी मेडिकेअर आणि मेडिकेड यांचा कायदा झाला, तेव्हा दातांचा खर्च हा ज्याने त्याने आपल्या खिशातून करायचा खर्च अशीच सर्वसाधारण समजूत होती. वृद्धांसाठीच्या मेडिकेअरमधून दातांची निगा, दात भरणे, काढणे आणि बसवणे हे सारे स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले. चष्मे, श्रवणयंत्रे आणि नेहमीची आरोग्यतपासणी यांचीही तीच गत झाली.

मेडिकेडमध्ये असे स्पष्ट वगळणे नव्हते, आणि खरा गुंता तेथेच आहे. त्या कायद्यात वैद्यकीय साहाय्य म्हणजे काय, याची क्रमांकवार यादी दिलेली आहे. पहिल्या पाच क्रमांकांत रुग्णालयातील आणि बाह्यरुग्ण सेवा, प्रयोगशाळा व क्ष-किरण तपासण्या, शुश्रूषागृहातील सेवा आणि डॉक्टरांची सेवा येतात, आणि या पाच सेवा राज्यांवर बंधनकारक ठरल्या. दंतसेवा दहाव्या क्रमांकावर आहे. तिच्यापुढे, बाराव्या क्रमांकावर, औषधे आणि चष्मे यांच्या सोबत कवळी येते. ज्यांना व्यवहारात ‘ऐच्छिक लाभ’ म्हणतात ते हेच : राज्याने दिले तर केंद्र आपला वाटा उचलणार, राज्याने दिले नाहीत तर विचारणार नाही. शिवाय दात काढणे एका क्रमांकात आणि त्याजागी दात बसवणे दुसऱ्या क्रमांकात असल्यामुळे एखादे राज्य रुग्णाचे सगळे दात काढण्याचे पैसे देऊन कवळीचे नाकारू शकते, आणि तरीही कायद्याच्या चौकटीत राहते.

पुढे पाचव्या क्रमांकाला एक पोटकलम जोडले गेले. जे वैद्यकीय किंवा शस्त्रक्रियेचे काम डॉक्टरने केले असते तर डॉक्टरची सेवा ठरले असते, ते दंतवैद्याने केले तरी बंधनकारक सेवेतच मोजायचे, असा त्याचा आशय आहे. हाड मोडलेला जबडा बसवणे किंवा जबड्यात पसरलेल्या जंतुसंसर्गावर शस्त्रक्रिया करणे यात बसते. कीड लागलेली दाढ भरणे मात्र बसत नाही, कारण ते काम डॉक्टर करीत नाही. तोंड तेच, दाढ तीच आणि उपचार करणारे हातही तेच, परंतु आजार किती बिघडला आहे त्यावरून ती दाढ पाचव्या क्रमांकात जाते की दहाव्या, हे ठरते. ‘फक्त तातडीचे दंतोपचार’ हा शब्दप्रयोग राज्यांच्या नियमांत येतो, त्याची मुळे या फरकात आहेत.

एका दाढेचे उदाहरण घेतले तर याचा अर्थ स्पष्ट होतो. कीड वरच्या थराखाली उतरली की रुग्णाला थंड पाण्याने कळ येते. तेव्हा दाढ भरली तर काम एका बैठकीत संपते, पण तातडीचेच उपचार देणाऱ्या राज्यात प्रौढ रुग्णासाठी त्याचे पैसे मिळत नाहीत. कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की रात्रभर ठणका लागतो. आता रूट कॅनाल करून दाढ वाचवता येते, परंतु त्याचेही पैसे मिळत नाहीत. मुळाशी पू होऊन गाल सुजला की मात्र ती तातडीची बाब होते आणि दाढ काढण्याचे पैसे मिळतात. अनेक रुग्ण या टप्प्यावर रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जातात. १९८६ च्या कायद्यानुसार त्या विभागाला आलेल्या रुग्णाची तपासणी करावीच लागते, पण तेथे दंतवैद्य बहुधा नसतो. प्रतिजैविक आणि वेदनाशामक गोळ्या देऊन रुग्णाला दंतवैद्याकडे जाण्यास सांगितले जाते. ज्याला दंतवैद्य परवडत नाही म्हणून तो तेथे आला, त्यालाच हा सल्ला मिळतो. तातडी म्हणजे काय, याची व्याख्या राज्यागणिक बदलते, आणि त्या व्याख्येवर समित्यांमध्ये पुष्कळ वाद झाले आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते ही व्याख्या कशीही केली तरी अन्याय्यच ठरते, कारण दातांची कीड हा आपोआप बरा न होता टप्प्याटप्प्याने वाढणारा आजार आहे आणि तातडीची वाट पाहणे म्हणजे तो वाढू देणे.

मुलांचा मार्ग १९६७ मध्ये वेगळा झाला. सैन्यभरतीत नाकारल्या गेलेल्या तरुणांच्या पाहणीत, वेळीच उपचार मिळाले असते तर टळली असती अशी दुखणी मोठ्या प्रमाणावर आढळली होती. त्यानंतर २१ वर्षांखालील लाभार्थ्यांची नियतकालिक तपासणी आणि त्यात सापडलेल्या दोषांवर उपचार राज्यांवर बंधनकारक झाले. १९८९ च्या दुरुस्तीने दातांबाबत किमान मर्यादाही घालून दिली : वेदना व संसर्ग दूर करणे, दात पूर्ववत करणे आणि दातांचे आरोग्य टिकवणे. कागदावर मुलांना सर्व काही मिळाले.

कागद आणि दवाखाना यांतील अंतर २००७ मध्ये देशाला दिसले. मेरीलँडमध्ये १२ वर्षांच्या एका मुलाच्या दातातील संसर्ग मेंदूपर्यंत गेला. मेंदूवर दोनदा शस्त्रक्रिया झाली, तो काही आठवडे रुग्णालयात होता आणि फेब्रुवारीअखेर दगावला. दात काढण्याचा खर्च सुमारे ८० डॉलर आला असता. उपचारांचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. त्याची आई त्या सुमारास त्याच्या धाकट्या भावासाठी मेडिकेड घेणारा दंतवैद्य शोधत होती आणि तो सापडत नव्हता. हक्क असूनही दार उघडत नव्हते, कारण योजनेचे दर खाजगी दरांच्या तुलनेत इतके कमी होते आणि कागदपत्रे इतकी किचकट होती की बहुसंख्य दंतवैद्य योजनेपासून दूरच राहत. त्यानंतर मेरीलँडने दर वाढवले, आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या मुलांच्या विमायोजनेत २००९ च्या कायद्याने दंतोपचार बंधनकारक केले.

प्रौढांचे मात्र यादीत जेथे होते तेथेच राहिले, आणि याचा सर्वात मोठा अनुभव कॅलिफोर्नियाने घेतला. जुलै २००९ मध्ये, मंदीच्या भरात, त्या राज्याने बहुतेक प्रौढांचे दंतोपचार बंद केले. गरोदर स्त्रिया, शुश्रूषागृहातील रहिवासी आणि केंद्राने बंधनकारक ठरवलेल्या मोजक्या सेवा तेवढ्या उरल्या. मे २०१४ मध्ये तपासणी, दात भरणे, पूर्ण कवळी आणि रूट कॅनाल परत आले, परंतु रूट कॅनाल फक्त पुढच्या दातांचे. म्हणजे हसताना दिसणारा दात वाचवायचा आणि घास चावणारी दाढ काढायची, असा तो हिशेब झाला. मागच्या दाढांचे रूट कॅनाल, अर्धी कवळी आणि हिरड्यांचे उपचार परत यायला जानेवारी २०१८ उजाडले. मधल्या साडेआठ वर्षांत ज्यांच्या दाढा निघाल्या, त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत.

२०१० च्या आरोग्यविमा कायद्याने अनेक राज्यांत लक्षावधी प्रौढ मेडिकेडमध्ये आले, पण त्या कायद्यानेही दंतोपचार अत्यावश्यक लाभ मानले ते मुलांपुरते. २०२१ मध्ये मेडिकेअरमध्ये दंतोपचार आणण्याचा प्रस्ताव संसदेत पुढे सरकला आणि मागे पडला. दंतवैद्यांच्या संघटनेने सर्व वृद्धांसाठी सरसकट लाभ देण्यास विरोध करून तो कमी उत्पन्नाच्या वृद्धांपुरता ठेवावा अशी भूमिका घेतली होती. सरकारी दरांची धास्ती या वादात सतत होती. २०२३ पासून मेडिकेअरने अवयवरोपण किंवा हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया यांच्याशी अविभाज्यपणे जोडलेले दंतोपचार मान्य केले. येथेही तोंडाला प्रवेश मिळाला तो दुसऱ्या अवयवाच्या आधाराने.

त्याच काळात राज्ये मात्र पुढे सरकत होती. व्हर्जिनियाने जुलै २०२१ मध्ये आणि टेनेसीने जानेवारी २०२३ मध्ये प्रौढांसाठी व्यापक दंतोपचार सुरू केले. मेरीलँडनेही जानेवारी २०२३ मध्ये मेडिकेडवरील सर्व प्रौढांना ते दिले, त्या मुलाच्या मृत्यूनंतर जवळपास १६ वर्षांनी. यांपैकी कोणत्याही निर्णयाने केंद्रीय कायद्यातील क्रमांक बदललेला नाही. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मेडिकेडवरील केंद्राचा खर्च पुढील वर्षांत कमी होणार असल्याने, राज्यांच्या अर्थसंकल्पांत आता पुन्हा तीच यादी उघडली जाईल, आणि प्रौढांचे दात तिच्यात अजून दहाव्या क्रमांकावर आहेत.