दुष्परिणामाचा मुद्दा (वादविवाद)

‘हा ठराव अमलात आणला तर अमुक नुकसान होईल आणि ते ठरावाच्या फायद्यापेक्षा जड असेल’, असा स्पर्धात्मक वादविवादात प्रतिकूल बाजूने करायचा युक्तिवाद. अमेरिकेतील धोरणविषयक वादविवादात त्याला ‘डिसअ‍ॅडव्हान्टेज’ किंवा नुसते ‘डीए’ म्हणतात. त्याच्या घटकांना नावे मिळाली तीही तिकडेच. मुंबईत इंग्रजी संसदीय पद्धतीने वाद घालणारी मुले ‘हार्म’ म्हणतात, मराठी स्पर्धांत ‘दुष्परिणाम’ किंवा ‘तोटे’ हे शब्द चालतात. ‘तोटे’ या अनेकवचनामुळे थोडा घोटाळा होतो. वक्ता चार मिनिटांत सात तोटे मोजून दाखवतो आणि त्यातला एकही सिद्ध करत नाही.

रचना. मुद्द्याला चार कड्या लागतात : सद्यस्थिती, दुवा, मधला दुवा आणि परिणाम. ‘बेस्टचे किमान भाडे पुन्हा ५ रुपये करावे’ हा ठराव घेऊ. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे ६ वरून १२. प्रतिकूल बाजूची सद्यस्थिती अशी : उपक्रम तुटीत आहे, पण वाढीव भाड्यामुळे निदान काही भरपाई होते. दुवा असा : भाडे निम्मे केले की किमान टप्प्यावर तेवढेच उत्पन्न मिळवायला प्रवासी दुप्पट व्हायला हवेत. हा हिशेब बोलून दाखवावा. दहा लाख तिकिटांचे दहा रुपयांप्रमाणे एक कोटी होतात. पाच रुपयांनी तेच एक कोटी जमवायला वीस लाख तिकिटे फाडावी लागतील. मधला दुवा : भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे पैसे कंत्राटदाराला किलोमीटरमागे द्यावे लागतात, म्हणून तूट वाढली की पहिली कात्री फेऱ्यांना लागते. परिणाम : थांब्यावरची वाट लांबते आणि ज्याचे पाच रुपये वाचवायचे होते तोच माणूस कंटाळून रिक्षाला हात करतो.

सगळ्यात जास्त गळते ती पहिली कडी. नुकसान आज होत नाही, ठरावामुळेच होईल, हे सांगितल्याशिवाय पुढचे सगळे अधांतरी राहते. मधला दुवा गाळला जातो तो वेगळ्या कारणाने : वक्त्याला तो इतका उघड वाटतो की सांगावासाच वाटत नाही. मग ‘भाडे कमी केले तर बेस्ट बंद पडेल’ अशी उडी मारली जाते. परीक्षक ती ‘घसरगुंडी’ म्हणून टिपून ठेवतो.

पुरावा नेमक्या त्याच कडीचा हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या कर्मचाऱ्यांनी संप केला आणि मुंबईकरांचे हाल झाले, हे खरे. पण संपाची मागणी पगारवाढीची होती. भाडे कमी केल्याने फेऱ्या घटतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. असा दाखला दिला की समोरचा वक्ता तो एका वाक्यात उडवतो आणि शेजारची धड कडीही संशयात सापडते.

प्रतिवाद. साखळी तोडायला एक कडी पुरते. चारही कड्यांवर थोडे थोडे घाव घालणे हा वेळेचा अपव्यय आहे. अनुकूल बाजूचे पहिले उत्तर सद्यस्थितीवर असते : बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांचा ताफा भाडेवाढीच्या आधीपासूनच आटतो आहे, तेव्हा ते नुकसान ठरावाच्या माथी मारू नका. यावर प्रतिकूल बाजू ‘आहे त्यात भर पडेल’ असे म्हणू शकते. पण मग किती भर, हे तिला सांगावे लागते. दुसरे उत्तर मधला दुवा तोडते : तुटीचा काही भाग महापालिका अनुदान देऊन भरून काढते, म्हणून भाडे घटले की फेऱ्या घटतात हे आपोआप होत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत फायद्याचे : दुवा उलटवणे. नुसते तोडले तर मुद्दा शून्यावर येतो, उलटवला तर तो आपल्या खात्यात जमा होतो. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ८ वरून ५ रुपये केल्यावर प्रवासी वाढले होते, म्हणजे स्वस्त तिकीट बसला माणसे देते, आणि माणसे वाढली की फेऱ्याही वाढतील. मात्र इथे सावध राहावे. किमान टप्प्यावर उत्पन्न तेवढेच राहायला त्या वेळी प्रवासी १.६ पट व्हायला हवे होते. ‘प्रवासी वाढले’ एवढ्यावरून ‘उत्पन्न वाढले’ असे म्हणणाऱ्याला चतुर प्रतिस्पर्धी तिथेच अडवतो. चौथे उत्तर परिणाम उलटवते : लांब पल्ल्याच्या फेऱ्या कमी झाल्या तर बरेच, गाड्या स्थानक आणि मेट्रोपर्यंतच्या छोट्या मार्गांवर वळवता येतील.

तिसरे आणि चौथे उत्तर एकाच भाषणात देऊ नये. ‘आमच्या ठरावाने फेऱ्या वाढतील’ आणि ‘फेऱ्या कमी होणे चांगले’ ही दोन्ही वाक्ये मान्य झाली तर ठरावाने वाईटच घडते, असा अर्थ निघतो. याला दुहेरी उलट म्हणतात. दोन वक्त्यांनी आधी न बोलता कामे वाटून घेतली की हा धोंडा हमखास आपल्याच पायावर पडतो.

तोलणे. दोन्ही बाजूंचे काही ना काही टिकले तर निकाल तोलण्यावर जातो. व्याप्ती, शक्यता, वेळ आणि परत फिरता येते की नाही, ही चार मापे. यांतले शेवटचे मुंबईच्या विषयांत फार कामाला येते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूला दिलासा लगेच मिळाला. मालकाचा दुरुस्तीतला रस हळूहळू आटला. पुढे दुरुस्तीसाठी १९६९ चा वेगळा कायदा करावा लागला आणि ‘उपकरप्राप्त इमारत’ (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) हा शब्द शहराच्या बोलण्यात रुळला. फायदा तत्काळ आणि नुकसान सावकाश, पण परत न फिरणारे, असे म्हणायचे असेल तर हा दाखला चपखल बसतो.

पद्धतीनुसार फरक. अमेरिकी पद्धतीत उत्तर न दिलेला मुद्दा सहसा मान्य धरला जातो. संसदीय पद्धतीत परीक्षक तो मुळात किती सिद्ध झाला होता तेही पाहतो. ब्रिटिश संसदीय पद्धतीत तयारीला १५ मिनिटे आणि भाषणाला ७ मिनिटे असतात. पहिले आणि शेवटचे मिनिट सोडून समोरचा मध्येच प्रश्न टाकू शकतो, आणि तो प्रश्न बहुधा मधल्या दुव्यावरच येतो. आशियाई पद्धतीच्या समारोपाच्या भाषणात नवा मुद्दा चालत नाही, म्हणून तोलणे तिथे करावे, साखळी आधीच बांधून घ्यावी.

मराठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत विषय बहुधा आधी कळतो. एका संघातला एक वक्ता अनुकूल, दुसरा प्रतिकूल बोलतो आणि पाठ केलेले भाषण घंटेपर्यंत पुरवले जाते. समोरच्याचा दुष्परिणाम त्यामुळे तसाच उभा राहतो. यावर उपाय साधा आहे : पाठांतर एक मिनिट आखूड ठेवावे, समोरच्याची भाषणे ऐकताना कागदावर चार रकाने आखून कड्या टिपाव्यात, आणि ज्या रकान्यात काहीच लिहिले गेले नाही त्यावर ते मिनिट खर्च करावे.