गढूळ दिसतं, पण गाळ किती?

किनाऱ्याजवळच्या एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम गाळ तरंगतो आहे, हे खात्रीने सांगायचं तर पाणी गाळून, गाळ वाळवून तोलावाच लागतो. आधी कोरड्या फिल्टरचं वजन घेतात. मग त्यातून पाणी ओढतात, फिल्टर १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला सुकवतात आणि पुन्हा तोलतात. समुद्राच्या बाबतीत मेख आहे ती मिठाची. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे फिल्टरमध्ये एक मिलिलिटर पाणी जरी राहून सुकलं, तरी ३५ मिलिग्रॅम मीठ गाळाच्या खात्यात जमा! नमुन्यातला खरा गाळ कित्येकदा याहून कमी असतो. म्हणून फिल्टर अगदी कडेपर्यंत शुद्ध पाण्याने धुतात.

हा खटाटोप दर दहा मिनिटांनी, महिनोन् महिने करणं कोणालाच शक्य नाही. मग पाण्यात सेन्सर ठेवतात. तो अवरक्त प्रकाश सोडतो आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. त्याने दिलेला आकडा गढूळपणाचा असतो, वजनाचा नव्हे. खरी गंमत इथेच आहे.

कणांचा व्यास दहापट लहान झाला, तर तेवढ्याच वजनाचा गाळ साधारण दहापट प्रकाश विखुरतो. त्यामुळे चिमूटभर चिकणमातीने आकडा उसळतो, आणि वादळात तळाची वाळू वर आली तर सेन्सरला तिचा जेमतेम पत्ता लागतो. त्यात खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, की हिशोब पुन्हा बदलला. चिखल फारच दाट झाला, तर प्रकाश परत येण्याआधीच अडतो आणि गाळ वाढत असताना आकडा उतरू लागतो. सेन्सरच्या काचेवर शेवाळ धरलं तर स्वच्छ पाणीही गढूळ ठरतं. यावर उपाय म्हणजे काच पुसणारा छोटा वायपर.

म्हणून गढूळपणावरून गाळ काढण्याचं सूत्र त्या त्या जागेपुरतंच असतं. सेन्सरच्याच खोलीवरून, त्याच वेळी पाणी घेऊन तोलायचं आणि दोन्ही आकड्यांचा आलेख मांडायचा. शांत दिवसांच्या नमुन्यांवरून काढलेली रेघ वादळापर्यंत लांबवणं मला तरी धाडसाचं वाटतं. पण वादळात नमुने घ्यायला जायचं कोणी?

अशा वेळी ध्वनीवर चालणारं उपकरण सोबत ठेवलं तर मदत होते. त्याला वाळू जास्त चांगली ‘ऐकू’ येते. प्रकाशाचा आकडा जागच्या जागी आणि ध्वनीचा मात्र चढलेला दिसला, तर पाण्यात भरड कण आले असण्याची शक्यता आधी तपासावी.