माथेरानची गाडी वळणावर का किरकिरते?

नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी तीव्र वळणावर आली की चाकांखालून कर्कश किरकिर सुरू होते. गाडी जुनी झाली, असं म्हणून प्रवासी विषय संपवतात. पण नवीकोरी चाकं बसवली तरी हा आवाज यायचाच. त्याचं मूळ चाकाच्या आणि वळणाच्या भूमितीत आहे, आणि मला तरी या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते.

मोटारीची दोन चाकं वळताना वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. रेल्वेची तशी फिरत नाहीत. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट ठोकलेली असतात, आणि वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. मग जमतं कसं? स्टीलचा निमुळता पेला जमिनीवर आडवा ढकलून पाहा. तो अरुंद टोकाकडे वळत जातो. रेल्वेचं चाकही असंच किंचित निमुळतं घडवलेलं असतं. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला थोडी सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर चालतं, आणि लांबीतला फरक भरून निघतो.

बहुतेक ठिकाणी स्पष्टीकरण इथेच थांबतं. माथेरानच्या घाटात मात्र ते पुरत नाही. इथे काही वळणांची त्रिज्या जेमतेम २० मीटरच्या आसपास आहे. फरक भरून काढायला चाकाला कित्येक सेंटीमीटर सरकावं लागेल, पण चाकाची कड, म्हणजे फ्लँज, काही मिलिमीटरच्या पुढे सरकू देत नाही. शिवाय आस रुळाच्या वळणाला पूर्ण जुळवून घेत नाही, त्यामुळे चाक थोडं तिरकं पडून रुळावर आडवं घासत जातं. ते क्षणभर धरतं, सुटतं, पुन्हा धरतं. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं, पोलादी चाक थरथरतं आणि आपल्याला किरकिर ऐकू येते.

दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर, ठेवण्याचं कारण आता कळेल. २० मीटरच्या वळणावर दोन रुळांच्या लांबीत सुमारे ३ टक्के फरक पडतो. मुंबईच्या लोकलचा १,६७६ मिलिमीटरचा मार्ग तिथे टाकला असता, तर हा फरक ८ टक्क्यांच्या वर गेला असता. अरुंद मार्गामुळे गाडीला डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेने वळसे घेता आले. म्हणूनच सुमारे २० किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरच्या वर चढणाऱ्या या मार्गावर बोगदा एकच आहे. कमाल चढ २० मीटरमागे एक मीटर, तोही दातेरी रुळाविना.

हा मार्ग अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधला, पैसा वडिलांचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. १९०४ मध्ये काम सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीने बनवलेल्या इंजिनांना सहा चाकं होती. तीन ताठ आस एवढ्या वळणावर अडकलेच असते. म्हणून पहिला आणि शेवटचा आस पोकळ नळीत बसवले होते. ती नळी चाकांसह थोडी बाजूला सरकायची आणि थोडी तिरकी व्हायची, आतला आस मात्र चाकांना फिरवत राहायचा. त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर खाली वाकून चाकांकडे नक्की बघा.

गाडी एवढी हळू का, हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात. ताशी १२ किलोमीटर वेगाने २० मीटरच्या वळणावर डब्याला बाहेर ढकलणारा रेटा त्याच्या वजनाच्या सुमारे ६ टक्के असतो. वेग दुप्पट केला की रेटा चौपट. ताशी ४० ला तो ६० टक्क्यांच्या पुढे जातो, आणि दोन फुटांच्या पायावर उभा असलेला डबा त्याआधीच कलंडलेला असेल.