एअर सस्पेन्शनमधील उंचीचे दोष

एअर सस्पेन्शन असलेल्या मोटारीचे वजन पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी फुग्यांत दाबून भरलेली हवा पेलते. कॉम्प्रेसर हवा पुरवतो, व्हॉल्व्ह ब्लॉक ती फुग्यांत वाटतो, चाकांजवळचे हाइट सेन्सर उंची मोजतात आणि ईसीयू (गाडीतला नियंत्रक संगणक) त्यावरून हवा भरायची की सोडायची ते ठरवतो. गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा खाली बसली, वर राहिली किंवा एका बाजूला कलली की उंचीचा दोष आहे असे म्हणतात. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोममध्ये ही यंत्रणा होती, पण गळतीला कंटाळून अनेक मालकांनी साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. आजही पहिला संशय गळतीवरच जातो, मात्र तो दर वेळी खरा ठरत नाही.

उंची जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि झीज त्या मापात मिसळते. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही मापे घ्यावीत. गाडी बंद केल्यावर, तासाभराने आणि सकाळी अशी तीनदा मापे घेतली की निम्मे निदान होते. वेळेनुसार उतरत जाणारे माप म्हणजे गळती. चुकीचे असूनही जागचे न हलणारे माप म्हणजे मोजणीतला दोष. इंजिन चालू असूनही गाडी उठतच नसेल, तर पुरवठा तपासावा.

रात्रभराच्या चाचणीत एक फसगत होते. अनेक गाड्यांचा ईसीयू बंद अवस्थेतही अधूनमधून जागा होतो आणि एक कोपरा बसला की बाकीचे त्याच्या पातळीला आणतो. सकाळी गाडी चारही बाजूंनी सारखी बसलेली दिसते आणि खरा गुन्हेगार लपून राहतो. म्हणून चाचणीपूर्वी सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा.

एकच कोपरा उतरला तर त्याचा फुगा, नळीची जोडणी किंवा ब्लॉकमधला त्याचा व्हॉल्व्ह तपासावा. भांडी घासायच्या साबणाचे पाणी फवारले की बुडबुडे जागा दाखवतात. फुगा बहुधा खालच्या घडीत चिरतो. गाडी खाली असताना ही चीर घडीत दडते, त्यामुळे सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन फवारावे. जोडणी गळत असेल तर नळीचे टोक काही मिलिमीटर सरळ कापून पुन्हा बसवल्याने बरेचदा काम भागते. टोक तिरके कापले तर गळती कायम राहते. बाहेर कुठेच बुडबुडे नसतील, तर फ्यूज काढलेल्या अवस्थेत कॉम्प्रेसरच्या एक्झॉस्ट नळीच्या तोंडाला साबणाचा पातळ पडदा लावावा. तो फुगत असेल तर हवा व्हॉल्व्हमधून निसटते आहे. अशा वेळी ड्रायरही पाहावा. त्यातले ओलावा शोषणारे दाणे निकामी झाले की पाणी पुढे जाऊन व्हॉल्व्ह गंजतात.

थंड सकाळी गाडी चारही कोपऱ्यांवर किंचित, पण सारखीच खाली दिसली तर लगेच घाबरू नये. हवा ३० अंश सेल्सिअसवरून १० अंशांवर आली की तेवढेच वजन पेलताना तिचे आकारमान सुमारे ७ टक्के घटते.

कॉम्प्रेसरच्या पिस्टनची रिंग झिजली की आवाज येतो, पण दाब तयार होत नाही. इंजिनचे वजन पेलणारी पुढची बाजू मग सर्वांत उशिरा उठते. मात्र कॉम्प्रेसर हा पुष्कळदा मूळ आजार नसतो. बारीक गळती भरून काढताना तो तासन्‌तास चालतो आणि तापून मरतो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर तोही जळतो. रिलेचे (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) संपर्क चिकटले तरी कॉम्प्रेसर थांबत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच बदलावेत.

मोजणीतल्या दोषात आधी सेन्सरची लिंक (सेन्सरला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) पाहावी. तिचा छोटा बॉल जॉइंट निसटला की ईसीयूला खोटी उंची कळते. लिंक सोडवून सेन्सरचा दांडा हाताने फिरवावा. ५ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या सेन्सरचा सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान सलग बदलतो. मध्येच उडी मारली तर सेन्सर झिजलेला आहे. चॅसिस ताठ असल्याने एका कोपऱ्याची चूक तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरही दिसते, त्यामुळे फक्त उंच दिसणारा कोपरा पाहून भाग बदलू नयेत.

सेन्सर बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे ईसीयूला खरी उंची नव्याने शिकवणे, लागते. टायरमधली हवा योग्य, गाडी रिकामी, दारे बंद, जमीन सपाट अशा स्थितीत घेतलेली चार मापे स्कॅनरमधून भरावीत. गळतीची दुरुस्ती बाकी असताना कॅलिब्रेशन केले तर ईसीयू चुकीचेच माप खरे धरतो.

जॅक लावण्यापूर्वी जॅक मोड (उंचीचे आपोआप नियंत्रण थांबवणारी सोय) चालू करावा, नाहीतर लोंबणारे चाक पाहून ईसीयू फुग्यातली हवा सोडतो. केवळ हवेवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, स्टँड लावावेत. नवा फुगा रिकामा असताना त्यावर वजन आले तर घडी चुकीची पडून तो फाटतो. म्हणून थोडी हवा भरूनच गाडी खाली घ्यावी.