प्लायचा सुतार आणि लाकडाचा सुतार

‘फर्निचरचं काम शिकायचंय’ म्हणत एखादा पोरगा आला की मी आधी विचारतो, प्लायचं की लाकडाचं? तो गोंधळतो. साहजिक आहे. दोघांनाही आपण सुतारच म्हणतो, दोघांच्याही कानावर पेन्सिल असते. धंदे मात्र दोन आहेत.

प्लायवाला साइटवर राबतो. आठ बाय चारचा, १८ मिलिमीटरचा बोर्ड, फेविकॉल, वर सनमायका, कडेला पट्टी. मजुरी चौरस फुटावर आणि माल बहुतेकदा गिऱ्हाइकाचा, म्हणून भांडवल थोडक्यात भागतं. पुण्या-मुंबईत या कामाला तोटा नाही. कसब लागतं ते गुण्यात, म्हणजे काटकोन साधण्यात. फ्लॅटची भिंत काटकोनात सापडणं मुश्कील, तरी कपाटाच्या दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखीच दिसायला हवी.

लाकूडवाल्याचं दुखणं वेगळं. त्याचा माल हलतो. प्लायमध्ये पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. सागाची फळी पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीला जवळपास नाहीच. तीन फूट रुंद टेबलाचा फळा वर्षात पाच-सात मिलिमीटर सहज मागेपुढे होतो.

माझ्याच घरचं टेबल घ्या. प्लायमध्ये वीस वर्षं काढलेल्या, हाताने चोख माणसाने सागाचा फळा फ्रेमला फेविकॉल-स्क्रूने गच्च आवळला. काम जुलैतलं. एप्रिलमध्ये एका रात्री फाटकन आवाज झाला, सकाळी चिरेत रुपयाचं नाणं उभं राहत होतं. हलगर्जीपणा नव्हता, प्लायला जे बरोबर तेच त्याने केलं. लाकूडवाला स्क्रूचं भोक लांबट ठेवतो, फळ्याला सरकायला जागा देतो.

लाकडाच्या वाटेला शेड लागते, मशिनं लागतात, आणि सुकत ठेवलेल्या लाकडात पैसा अडकतो. जाडीच्या इंचाला एक वर्ष, हा जुना आडाखा. गिऱ्हाईकही मोजकंच. तरी माझं मत विचाराल तर आधी लाकूड शिका. आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स चालेल, पण रंधा, पटाशी हातात बसू द्या. कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, खाचेत हातोडीशिवाय घट्ट जायला लागलं की पुढे जा. मशिनांसाठी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजीत प्रशिक्षण मिळतं. लाकडावरून प्लायवर येणं सहा महिन्यांचं काम; उलटं येताना आधी हातच्या सवयी मोडाव्या लागतात.

टेबलाची चीर बुजवायला तोच सुतार आला. भुसा आणि फेविकॉल कालवून भरला, घासून पॉलिश मारलं, चीर कुठे होती ते सांगता येईना. जुलैत फळा पुन्हा फुगला आणि ते सगळं वर आलं.